घरचौकाची गोधडी : नमुना विकत न घेता स्वतः आखण्याचा पाठ

महाराष्ट्राच्या खेड्यांत गोधडी ठाऊक नसलेले मूल शोधूनही सापडावयाचे नाही. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालावयाचे, वर रंगीत तुकड्यांची जोडणी करावयाची आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करावयाचे, अशी ही साधी वस्तू. ती शिवणाऱ्या आजीने नमुना कधी विकत आणलेला नसतो. वीत, बोट आणि डोळा ही तिची मापे, आणि घरातील जुनेर हे तिचे भांडार.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मात्र बहुधा उलट घडते. तयार आकृती फळ्यावर येते, मुले ती उतरवून घेतात आणि चाळीस वह्यांत एकच घर उमटते. मागे दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य आणि पायथ्याशी उतरत्या छपराचे एक टुमदार घर. त्या घरात वर्गातील एकही मूल राहत नसते. हात चालतो, पण डोळा व बुद्धी स्वस्थ राहतात. हा दोष दूर व्हावा आणि घरातील जुन्या विद्येचा शाळेतील गणिताशी संबंध जुळावा, यासाठी पुढील पाठ योजिला आहे. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांस तो घेता येईल. पहिले चार तास निरीक्षण, आखणी व हिशेब यांस द्यावेत. शिवणकाम त्यानंतर सवडीने चालावे.

पाठाचा हेतू

प्रत्येक विद्यार्थ्याने आपण पाहिलेल्या एका घराचे माप घेऊन त्याची आकृती चौकटीच्या कागदावर आखावी, तीवरून कापडाचे तुकडे बेतावेत आणि ते जोडून चौरस नक्षी तयार करावी, हा पाठाचा प्रत्यक्ष हेतू आहे. अशा तयार चौरसास या लेखात ‘घरचौक’ म्हटले आहे. सर्वांचे घरचौक जोडले म्हणजे वर्गाची गोधडी होते. नमुना ही कोणी दिलेली वस्तू नसून पाहणे, मोजणे व प्रमाण ठरविणे यांतून निघालेला तो एक निर्णय असतो, हे मुलांच्या प्रत्ययास यावे, हा त्यामागील खरा हेतू होय. हस्तव्यवसायाच्या द्वारे इतर विषय शिकवावेत, हा विचार १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने देशापुढे ठेवला. प्रस्तुत पाठ त्याच वाटेवरचा आहे.

घरचौकाचा पूर्ववृत्तांत

घराची आकृती चौरसात बसवून तिची तुकडेजोड करण्याची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलीच रूढ झाली. तेथील खेड्यांत एकाच खोलीची शाळा असे. तिच्यावरून या नक्षीस ‘स्कूलहाउस’, म्हणजे शाळागृह, असे नाव पडले. दार, खिडक्या, उतरते छप्पर आणि त्यावर धुराडी असा तिचा थाट असतो. पुढे अशा नमुन्यांचा व्यापार सुरू झाला. टपालाने नमुने पाठविणारी दुकाने निघाली, वृत्तपत्रे नमुने छापू लागली. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या पत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत रजईचे नमुने वाचकांना पुरविले. त्यामुळे ही कला दूरवर पोहोचली हे खरे. परंतु ज्या घरात रजई पांघरली जाई त्या घराशी तिच्यावरील घराचा संबंध राहिलाच असे नाही.

याच देशात दुसरी परंपराही टिकून राहिली. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. तेथील स्त्रियांनी शेतात वापरून विरलेल्या कामाच्या कपड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रजया शिवल्या. ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर, ही त्यांची आवडती मांडणी. मध्ये एक तुकडा घेऊन त्याभोवती पट्ट्या लावीत जावयाचे, एवढाच तिचा नियम. बाकी जिची तिची सूझ. त्यामुळे दोघींच्या रजया सारख्या होत नाहीत. २००२ साली या रजयांचे प्रदर्शन ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात भरले आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. गोधडी शिवणाऱ्या आजीची आणि या स्त्रियांची कधी गाठ पडलेली नाही. परंतु जुनेर हाताशी घेऊन आपली मांडणी आपण ठरवावयाची, ही दोघींची रीत एकच आहे.

या वृत्तांतातून मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा : अमेरिकेच्या घरचौकावर धुराडी का असतात? थंडीच्या दिवसांत घर आतून ऊबदार ठेवण्यासाठी तेथे विस्तव पेटवावा लागे, म्हणून. मग आपल्या गावच्या घरचौकावर काय असावयास हवे? कोकणात पाऊस फार, म्हणून छपराचे पाखे उतरते आणि पुढे पडवी. मराठवाड्यात पाऊस बेताचा, म्हणून सपाट माळवद. कोठे कुडाची भिंत व गवताचे छप्पर, कोठे पत्रा, कोठे सिमेंटचा स्लॅब. घराचा आकार हवेने, हाताशी असलेल्या सामानाने आणि ऐपतीने ठरतो. परक्याचा नमुना उतरविणारा विद्यार्थी हे कधीच पाहत नाही.

साहित्य

चौकटीची वही, पट्टी, गुण्या, पेन्सिल, जुनी पुठ्ठ्याची खोकी, मोजण्यास दोरी किंवा टेप, शिंप्याचा खडू, कात्री, सुई, दोरा, टाचण्या आणि घरोघरचे स्वच्छ धुतलेले जुनेर. कापड विकत आणू नये. सुती कापड घ्यावे. निसरडे व ताणले जाणारे कापड लहान हातांना आवरत नाही. सुया मोजून द्याव्यात व तास संपताना मोजून परत घ्याव्यात.

पहिली पायरी : पाहणे व मोजणे

कोणते घर आखावयाचे हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. राहते घर, आजोळचे घर, गोठा, मळ्यातील खोपी, देऊळ, यांपैकी काहीही चालेल. अट एकच : ती वास्तू त्याने डोळ्यांनी पाहिलेली असावी व शक्य तर मोजलेली असावी. समोरच्या दर्शनी बाजूची लांबी, भिंतीची उंची, दाराची उंची व रुंदी, खिडकीचे माप, जोत्याची उंची आणि छपराची तऱ्हा, एवढ्या नोंदी पुरेत. जेथे हात पोहोचत नाही तेथे अंदाज कसा करावा हेही शिकवावे. दाराची उंची मोजून भिंत तिच्या किती पट दिसते ते पाहिले, म्हणजे भिंतीची उंची पुरेशी बिनचूक मिळते.

दुसरी पायरी : कागदावरील आखणी

घरचौकाची बाजू २४ सेंटिमीटर धरावी. मोठ्या माणसाच्या वितीहून ती किंचित अधिक भरते, त्यामुळे घरातील आजीलाही हे माप चटकन समजते. शिवाय २४ या संख्येला २, ३, ४, ६, ८ व १२ यांनी भाग जातो, म्हणून चौकटी पाडणे सोपे होते. बाजूचे ८ भाग केले तर प्रत्येक चौकट ३ सेंटिमीटरांची होते आणि एकंदर ६४ चौकटी पडतात. वहीतील एक सेंटिमीटरची चौकट म्हणजे कापडावरील ३ सेंटिमीटर, असे प्रमाण ठेवावे.

उदाहरणार्थ एक लहानसे कौलारू घर घेऊ. त्याची दर्शनी भिंत ३६० सेंटिमीटर लांब व २४० सेंटिमीटर उंच आहे. दार १२० सेंटिमीटर रुंद व १८० सेंटिमीटर उंच, खिडकी ६० सेंटिमीटरांची चौरस, आणि जोते ६० सेंटिमीटर उंच आहे. एक चौकट म्हणजे ६० सेंटिमीटर धरल्यास भिंत ६ चौकटी लांब व ४ चौकटी उंच, दार २ बाय ३, खिडकी १ बाय १ आणि जोते १ चौकट उंच येते. आता वरून खाली चार ओळी पाडाव्यात.

पहिली ओळ आभाळाची : ८ चौकटी लांब, १ उंच.

दुसरी ओळ छपराची : ८ लांब, २ उंच. हिच्या दोन्ही टोकांस दोन-दोन चौकटींच्या बाजूचा एक चौरस धरून त्याचा कर्ण काढावा. कर्णाबाहेरचा वरचा त्रिकोण आभाळाचा व आतला भाग छपराचा. छप्पर वर ४ व खाली ८ चौकटी लांबीचे होते.

तिसरी ओळ भिंतीची : ८ लांब, ४ उंच. डावीकडून क्रमाने आभाळ १, भिंत १, दार २, भिंत १, खिडकी १, भिंत १, आभाळ १, अशा सात उभ्या पट्ट्या पाडाव्यात. दाराच्या पट्टीत वर एक चौकट उंचीची भिंत व खाली तीन चौकटी दार. खिडकीच्या पट्टीत वर एक चौकट भिंत, मग एक चौकट खिडकी, खाली दोन चौकटी भिंत.

चौथी ओळ जोत्याची : ८ लांब, १ उंच.

घर मोठे असेल तर चौकटीचे मोल वाढवावे, म्हणजे एक चौकट बरोबर एक मीटर धरावी. बारकावा हवा असेल तर बाजूचे १२ भाग करावेत. मात्र तयार तुकडा २ सेंटिमीटरहून अरुंद ठेवू नये. तो हाताने नीट शिवता येत नाही. सारेच घर मावत नसेल तर काय ठेवावे व काय गाळावे याचा निर्णय मुलानेच करावा. हा निर्णय म्हणजेच आखणी होय. शिक्षकांनी तेथे पेन्सिल हाती घेऊ नये.

तिसरी पायरी : चौकटींचा हिशेब

शिवण्यापूर्वी कोणत्या रंगाचे कापड किती लागेल हे चौकटी मोजून काढावे. वरील घरात आभाळ २०, भिंत १७, छप्पर १२, जोते ८, दार ६ व खिडकी १ अशा चौकटी येतात. बेरीज ६४ झाली पाहिजे. न झाल्यास मोजण्यात चूक आहे. आभाळाच्या त्रिकोणात एक पूर्ण व दोन अर्ध्या, म्हणजे एकूण दोन चौकटी भरतात, हे पाचवीच्या मुलासही मोजून दिसते. सातवीच्या मुलांनी छपराचे क्षेत्रफळ समलंब चौकोनाच्या सूत्राने काढून मोजलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. घराचा कोणता भाग एकूण घरचौकाच्या किती हिस्सा आहे, या प्रश्नातून अपूर्णांकांची उजळणी सहज होते.

चौथी पायरी : माया

दोन तुकडे जोडताना प्रत्येकाची थोडी कड शिवणीत जाते. तिच्यासाठी सोडलेल्या जास्तीच्या कापडास शिंपी ‘माया’ म्हणतात. नमुना विकत घेणाऱ्याला मायेचा विचार करावा लागत नाही, कारण तो दुसऱ्याने केलेला असतो. स्वतः आखणाऱ्याने तो न केल्यास सारे काम फसते. म्हणून येथे घाई करू नये.

प्रत्येक कडेस १ सेंटिमीटर माया धरावी. ती न सोडल्यास काय होते हे आधी कागदावर दाखवावे. भिंतीच्या ओळीतील सात पट्ट्या बरोबर मापाच्या, मायेशिवाय कापाव्यात. त्यांची एकूण रुंदी २४ सेंटिमीटर. त्या जोडताना सहा शिवणी येतात आणि प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर खाते. म्हणजे १२ सेंटिमीटर गेले. उरलेली भिंत केवळ १२ सेंटिमीटरांची, आणि वरचे आभाळ मात्र २४ सेंटिमीटरांचे. अर्धे घर शिवणीत नाहीसे झालेले पाहिल्यावर मुले मायेचा नियम सहसा विसरत नाहीत.

आता तुकड्यांची कापण्याची मापे काढावीत. नियम असा, की काटकोन चौकोनाच्या लांबीत २ व रुंदीत २ सेंटिमीटर मिळवावेत. आभाळाची पट्टी व जोते प्रत्येकी २६ बाय ५. दार ८ बाय ११ व त्यावरील भिंत ८ बाय ५. पूर्ण उंचीच्या अरुंद पट्ट्या, म्हणजे भिंतीच्या तीन व आभाळाच्या दोन, प्रत्येकी ५ बाय १४. खिडकी व तिच्यावरील भिंत ५ बाय ५, खालची भिंत ५ बाय ८. एकंदर तुकडे १५ होतात. त्यांत दोन त्रिकोण व एक छप्पर.

त्रिकोणाला मात्र हा नियम लागू पडत नाही. तयार त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू ६ सेंटिमीटरांच्या आहेत. त्या ८ सेंटिमीटर कापाव्यात, असे उत्तर वर्गातून येईल. ते उत्तर लगेच चूक म्हणू नये. पुठ्ठ्यावर ६ सेंटिमीटरांचा त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही बाजूंना बाहेरून एक सेंटिमीटर अंतरावर समांतर रेषा काढावयास सांगाव्यात आणि बाहेरच्या त्रिकोणाची बाजू मोजावयास लावावी. ती ९.४ सेंटिमीटरांच्या आसपास भरते. निमुळत्या कोपऱ्यात समांतर रेषा दूरवर जाऊन मिळतात, हे त्याचे कारण. छपराचा तुकडाही असाच समांतर रेषा काढून बेतावा. पुठ्ठ्याच्या आकृतीवर आतली रेषा शिवणीची व बाहेरची कापणीची, अशी खूण करून ठेवावी.

मायेचा खर्चही मुलांना मोजू द्यावा. भिंतीच्या ओळीचे तयार क्षेत्रफळ २४ बाय १२, म्हणजे २८८ चौरस सेंटिमीटर. ती ओळ एकाच अखंड कापडाची असती तर मायेसह ३६४ चौरस सेंटिमीटर कापड लागले असते. तिचे लहान तुकडे केल्यामुळे ५६८ लागते. तुकडे जितके बारीक, तितके कापड शिवणीत अधिक जाते. जुनेर थोडे असेल त्याने आखणी साधी ठेवावी, हे आजीचे शहाणपण आकड्यांनी असे सिद्ध होते.

पाचवी पायरी : जोडणी

लहान तुकड्यांपासून मोठ्याकडे जावे. आधी दार व त्यावरील भिंत जोडावी. ५ व ११ मिळून १६, त्यांतून शिवणीचे २ गेले, राहिले १४. खिडकीची पट्टीही जोडल्यावर १४ सेंटिमीटरच भरली पाहिजे. मग सात पट्ट्या जोडाव्यात. त्यांची बेरीज ३८, सहा शिवणींचे १२ वजा जाऊन २६. अशा चारही ओळी २६ सेंटिमीटर लांबीच्या झाल्या, म्हणजेच त्या एकमेकींस जोडाव्यात. प्रत्येक टप्प्यावर पट्टी लावून पाहण्याची सवय लावावी. चूक पहिल्या शिवणीतच सापडली तर दोन टाके उसवावे लागतात. शेवटी सापडली तर सारे घर.

सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवून, शिवणीची रेषा उलट बाजूस आखून, बारीक धावदोऱ्याने शिवावे. माया नेहमी गडद कापडाकडे वळवून नखाने दाबावी. फिक्या कापडाखाली ती वरून दिसत राहते.

ज्या प्रसंगी शिक्षकांनी विशेष जपावे

घर या शब्दाने प्रत्येक मुलाचे मन सारखेच फुलते असे नाही. ज्या गावांतून ऊसतोडणीस माणसे जातात, किंवा ज्या गावांत ती येतात, तेथील वर्गात अशी मुले असतात की ज्यांचे वर्षातील काही महिने फडाजवळच्या कोपीत जातात. माप आणण्यास सांगितलेल्या दिवशी असे मूल वही पुढे करीत नाही. विचारल्यास ‘विसरलो’ म्हणते. ते विसरलेले नसते. बांबू, पाचट व ताडपत्री यांनी उभारलेल्या त्या निवाऱ्यास शाळेत घर म्हणतील की नाही, याची त्यास खात्री नसते. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर पूर्वी पाहिलेले डोंगर, सूर्य व टुमदार घर काढून आणील. शिक्षकांनी तेथे रागावू नये, आणि चारचौघांत ‘तुझे खरे घर काढ’ असेही म्हणू नये. नमुन्यांच्या यादीत शिक्षकांनी पहिल्याच दिवशी कोपी, पाल व खोपी यांचा उच्चार माळवद व बंगल्याच्या पंक्तीत केलेला असला, म्हणजे हा पेच बहुधा उद्‌भवत नाही. तरीही मुलाने दुसरेच घर निवडले, तर ती त्याची निवड मानावी.

कोपीची आखणी फळ्यावर सर्व वर्गासाठी अवश्य करावी. दयेपोटी नव्हे, तर ती गणिताच्या दृष्टीने कौलारू घरापेक्षा अवघड आहे म्हणून. वर आभाळाची एक ओळ व खाली जमिनीची एक ओळ सोडावी. मधल्या सहा ओळींत ८ चौकटी पायाचा व ६ चौकटी उंचीचा त्रिकोण काढावा. त्याचे टोक वरच्या रेषेच्या बरोबर मध्यावर यावे. तुकडे अवघे पाच. परंतु त्यांत तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण दोन्ही बाजूंच्या आभाळाची. कौलारू घराच्या आभाळाचे दोन्ही त्रिकोण सारखे होते. एकच तुकडा फिरवून दुसरीकडे बसत असे. येथील त्रिकोणांच्या बाजू १२ व १८ सेंटिमीटरांच्या आहेत. डावीकडचा कितीही फिरवला तरी उजवीकडे बसत नाही. पुठ्ठ्याची आकृती उलटी करूनच तो कापावा लागतो. आरशातील प्रतिमा म्हणजे काय, हे येथे हातास कळते. दुसरी अडचण तिरक्या कडेची. तिरके कापलेले कापड ताणले जाते, म्हणून शिवताना ते ओढू नये, टाचण्या जवळजवळ लावाव्यात. तिसरी अडचण टोकाची. ते कापलेल्या कडेपासून एक सेंटिमीटर खाली आले पाहिजे. तेथे माया कमी पडली तर आभाळाची पट्टी जोडताना टोक शिवणीत जाते आणि कोपी बोथट होते. टोक अणकुचीदार आले, तर त्या मुलाचे माप वर्गात सर्वांत बिनचूक आहे असे समजावे आणि तसे वर्गात सांगावे.

या आखणीच्या चौकटीही मोजाव्यात. कोपीच्या २४, जमिनीच्या ८ आणि आभाळाच्या ३२. निम्मा घरचौक आभाळाचा भरतो. कौलारू घराच्या आखणीत ते २० चौकटी होते. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. त्यावर मुलांनी काही बोलावयाचे असेल तर बोलू द्यावे. शिक्षकांनी भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

गोधडीची मांडणी

वर्गात ३० मुले असल्यास आडवे ५ व उभे ६ असे घरचौक मांडावेत. गोधडी १२० बाय १४४ सेंटिमीटरांची होते. चोहोबाजूंनी १२ सेंटिमीटरांची काठपट्टी लावल्यास ती १४४ बाय १६८ होते. पट असाच सोयीचा असेल असे नाही. २९ मुले असल्यास २९ ही मूळ संख्या असल्याने आयत जुळत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. तेव्हा तिसावा घरचौक शाळेच्या इमारतीचा करावा व तिचे माप साऱ्या वर्गाने मिळून घ्यावे.

कोणते घर कोठे बसवावयाचे, यासाठी गावाच्या नकाशाचा उपयोग करावा. पूर्वेकडील वस्तीची घरे गोधडीच्या उजव्या अंगास, नदीकाठची ज्या दिशेस असतील त्या अंगास, अशी मांडणी केल्यास भूगोलाचा धडा तेथेच होतो. दूरच्या फडावरील कोप्यांसाठी दिशा विचारून कडेची जागा निवडावी लागेल. ती मुलांनी आपसांत ठरवावी.

वरची जोडणी झाल्यावर मध्ये मऊ जुन्या साड्यांचे थर व खाली अस्तर घालून गोधडी भरण्याचे काम गावातील एखाद्या जाणत्या आजीच्या देखरेखीखाली करावे. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब टाके घालून ते पक्के करणे, दोऱ्याचा ताण राखणे, टाक्यांच्या ओळी सारख्या अंतरावर ठेवणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. तिला शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी केलेला मायेचा हिशेब तिला समजावून सांगावा, आणि तिने तो हिशेब न करता आजवर कसा साधला हे तिला विचारावे. ‘बोटाच्या पेराने’ असे उत्तर मिळाल्यास पेर मोजून पाहावे.

नेहमी आढळणारे दोष

ओळी लांबीत कमीअधिक भरतात, याचे कारण बहुधा कापणीत नसून शिवणीची रेषा न आखता शिवण्यात असते. दार तिरपे दिसते, कारण कापड आडव्याउभ्या धाग्यास धरून कापलेले नसते. छप्पर व भिंत यांचा रंग एकमेकांत मिसळून जातो, कारण तुकडे हातात घेऊन निवडलेले असतात, भिंतीवर टांगून लांबून पाहिलेले नसतात. हे तिन्ही दोष आधी सांगून टाळण्यापेक्षा एकदा घडू द्यावेत व मुलांकडून उसवून दुरुस्त करून घ्यावेत.

पाठाअंती विचारावयाचे प्रश्न

१. एक चौकट ४ सेंटिमीटरांची धरल्यास २४ सेंटिमीटरांच्या घरचौकात किती चौकटी पडतील?
२. तयार माप ९ बाय ६ सेंटिमीटर असलेली खिडकी मायेसह किती मापाची कापावी?
३. पाच पट्ट्या मायेशिवाय कापून जोडल्या तर ओळीची रुंदी किती सेंटिमीटरांनी घटेल?
४. माळवदाच्या घराच्या आखणीत त्रिकोण का लागत नाहीत?
५. वर्गात ३५ मुले असल्यास गोधडीची लांबी-रुंदी काय येईल?

गुण देताना शिवणीच्या सुबकतेपेक्षा कागदावरील आखणी, मापांच्या नोंदी आणि दुरुस्तीच्या खुणा यांस अधिक महत्त्व द्यावे. खोडरबराने पुसून कोऱ्या केलेल्या कागदापेक्षा चूक व तिची दुरुस्ती दोन्ही दाखविणारा कागद अधिक मोलाचा आहे.

तयार गोधडी शाळेत कशी वापरावयाची हे वर्गानेच ठरवावे. बालवर्गाच्या मुलांना बसावयास ती द्यावी, वाचनाच्या कोपऱ्यात अंथरावी, किंवा आजारी मुलास पांघरावयास ठेवावी. काचेच्या कपाटात ती बंद करू नये. आखणीचे कागद मात्र जपून ठेवावेत. पुढील वर्षाच्या वर्गास ते माप कसे घेतले हे समजण्यापुरते दाखवावेत आणि पुन्हा कपाटात ठेवावेत. त्या वर्गातील मुलांची घरे निराळी आहेत. ती त्यांनी स्वतः मोजावयाची आहेत.